उसना कर्णा

तर झालं असं.

गेल्या शनिवारी रात्री जेवणं आटोपून आम्ही सगळे सिनेमा बघायला बसलो. सिनेमाचं नाव सांगत नाही, कारण जी चूक सांगणार आहे ती त्या एकट्याची नाहीच. कथा १९४४-४५ मधली. मुंबईतलं साधं मध्यमवर्गीय मराठी घर. भिंतीवर कॅलेंडर, खुंटीला काळी टोपी, खिडकीत पितळी तांब्या, सगळं कसं जागच्या जागी. आणि कोपऱ्यातल्या तिपाईवर ग्रामोफोन. आठकोनी लाकडी पेटी आणि तिच्यावर कमळासारखा उमललेला, लख्ख घासलेला पितळी कर्णा. नायिका उठते, तबकडीवर पिन टेकवते, गाणं सुरू होतं आणि कॅमेरा हळूहळू त्या कर्ण्याच्या तोंडात शिरतो.

आम्ही सगळे "वा!" म्हणायच्या बेतात होतो, तेवढ्यात आजी म्हणाली, "हा कुठला रे फोनो? आमच्याकडे असला कधी नव्हता."

आजी सत्त्याऐंशी वर्षांची आहे. माहेर मिरजेचं, वडील रेल्वेत नोकरीला. म्हणजे सिनेमातली नायिका पिन टेकवत होती तेव्हा आजी सहा-सात वर्षांची असणार. प्रत्यक्ष साक्षीदारच की!

"मग तुमच्याकडे कसला होता?"

"पेटीचा. काळी बॅग असते ना, तशी. झाकण उघडायचं, चावी द्यायची आणि रेकॉर्ड लावायची. चावी फक्त दादा द्यायचा. आम्हाला हात लावायची टाप नव्हती. वडिलांची बदली झाली की तो फोनो ट्रंकेत नाही घालायचे, हातात धरून न्यायचे."

"आणि कर्णा?"

"कर्णा त्या कुत्र्याच्या चित्रात होता!"

एवढं बोलून आजी परत सिनेमात रमली. माझा मात्र सिनेमा तिथेच संपला. कारण माझ्या हॉलमध्ये, टीव्हीच्या बरोबर बाजूला, डिट्टो तसाच पितळी कर्ण्याचा ग्रामोफोन ठेवलेला आहे. मी स्वतः हौसेने विकत घेतलेला. (त्याची गोष्ट शेवटी सांगतो, जरा धीर धरा.) रात्री सगळे झोपल्यावर मी लॅपटॉप उघडून बसलो आणि दोन वाजेपर्यंत उठलो नाही. ऑफिसातला बग शोधताना इतका सिन्सिअर असतो तर आत्तापर्यंत आर्किटेक्ट झालो असतो. असो.

कुत्र्याचं चित्र

सुरुवात आजी म्हणाली तिथूनच करू.

इंग्लंडमध्ये फ्रान्सिस बॅरॉड नावाचा एक चित्रकार होता. त्याच्याकडे भावाचा निपर नावाचा कुत्रा राहायला आला होता. निपर १८९५ साली मेला. पुढे काही वर्षांनी बॅरॉडने त्याचं चित्र काढलं: एक यंत्र वाजतंय आणि निपर मान तिरकी करून त्यातला आवाज ऐकतोय. पण ते यंत्र ग्रामोफोन नव्हतंच! तो होता फोनोग्राफ, म्हणजे एडिसनच्या पद्धतीचा, मेणाच्या नळकांड्यावर आवाज साठवणारा. त्याचा कर्णाही काळा होता.

चित्र विकलं जाईना. एडिसन-बेल कंपनीलाही ते नको होतं. मग कोणीतरी बॅरॉडला सल्ला दिला की काळा कर्णा फार मरगळलेला दिसतो, त्याच्या जागी चकचकीत पितळी काढ, चित्र उठून दिसेल. आता पितळी कर्णा आणायचा कुठून? १८९९ साली बॅरॉड लंडनच्या मेडन लेनमधल्या एका नव्या कंपनीच्या ऑफिसात गेला आणि म्हणाला, चित्रासाठी एक पितळी कर्णा उसना मिळेल का? ती कंपनी म्हणजे ग्रामोफोन कंपनी. तिथला मॅनेजर ओवेन हुशार निघाला. तो म्हणाला, कर्णाच कशाला, ते अख्खं यंत्र खोडून त्या जागी आमचा ग्रामोफोन काढ, चित्र आम्हीच विकत घेतो. व्यवहार ठरला: पन्नास पौंड चित्राचे आणि पन्नास कॉपीराइटचे. बॅरॉडने जुन्या यंत्रावर रंग फासून नवं यंत्र काढलं. मूळ चित्र उजेडात विशिष्ट कोनातून पाहिलं तर खालचा जुना फोनोग्राफ अजूनही जाणवतो म्हणतात.

हेच ते 'हिज मास्टर्स व्हॉइस'. पुढे हेच चित्र तबकड्यांच्या लेबलांवर, पिनांच्या डब्यांवर, दुकानांच्या पाट्यांवर झळकलं आणि जगभर ग्रामोफोन म्हणजे कर्णा, कर्णा म्हणजे ग्रामोफोन हे समीकरण पक्कं झालं.

मला यातली गंमत अशी वाटली की पितळी कर्णा या गोष्टीत आला तोच मुळी 'दिसायला बरा' म्हणून. सिनेमाच्या भाषेत सांगायचं तर तो पहिल्यापासून प्रॉपर्टीच आहे. उसनी मागितलेली.

कर्णा गेला कुठे?

आता थोडं यंत्राबद्दल. (कंटाळा आला तर हा भाग स्किप करा, पण इंजिनिअर मंडळींनी करू नये!)

चावीच्या ग्रामोफोनमध्ये वीज कुठेच नसते. चावी दिली की स्प्रिंग गुंडाळली जाते, ती सुटताना तबकडी फिरते. वेग ठरलेला, मिनिटाला साधारण ७८ फेरे. पोलादी पिन तबकडीच्या खाचेत थरथरते, ती थरथर साउंडबॉक्समधल्या पातळ पडद्यापर्यंत जाते आणि पडदा हवा हलवतो. अडचण एवढीच की रुपयाच्या नाण्याहून थोडा मोठा पडदा खोलीभर हवा हलवू शकत नाही. तो हलतो भरपूर, पण हवेला ते कळतच नाही. कर्ण्याचं काम इथे सुरू होतं. निमुळत्या टोकापासून हळूहळू रुंद होत जाणारी नळी पडद्याची ताकद हवेपर्यंत पोचवते. म्हणजे कर्णा हा अॅम्प्लिफायर नाही, तो पडदा आणि हवा यांच्यामधला अडॅप्टर आहे. नळी किती लांब, कशी रुंदावते आणि तोंड केवढं, यावर खालचे सूर ऐकू येणार की नाही हे ठरतं.

आणि या सगळ्यात ती नळी सरळ असावी, बाहेर असावी, पितळेची असावी, असा नियम कुठेच नाही! ती दुमडून पेटीच्या आत घातली तरी चालते.

हे सगळ्यात आधी धंद्याच्या दृष्टीने ओळखलं अमेरिकेच्या व्हिक्टर कंपनीने. १९०६ साली त्यांनी 'व्हिक्ट्रोला' बाजारात आणला, ज्यात कर्णा कपाटाच्या आत लपवला होता. कारण साधं होतं. बाहेरचा कर्णा जागा अडवतो, धूळ खातो, येता-जाता धक्का लागतो आणि दिवाणखान्यात एखादं यंत्र आणून टाकल्यासारखा दिसतो. व्हिक्ट्रोला दिसायचा फर्निचरसारखा. लोकांनी तो उचलून धरला. बघता बघता बाहेरचा कर्णा जुनाट वाटायला लागला. १९२५ साली मायक्रोफोनने, म्हणजे विजेवर रेकॉर्डिंग सुरू झालं आणि त्याच वर्षी व्हिक्टरने गणिताने आखलेला, आत दुमडलेला कर्णा असलेलं नवं मॉडेल आणलं. आवाजाच्या बाबतीतही पेटीने बाहेरच्या कर्ण्याला मागे टाकलं.

मग आली हातात धरून नेता येणारी पेटी. एचएमव्हीचं १०२ नंबरचं मॉडेल १९३१ साली आलं आणि पुढे पंचवीसहून जास्त वर्षं बनत राहिलं. काळ्या कापडात मढवलेली, सूटकेससारखी दिसणारी. चावी बाजूला, पिनांची डबी कोपऱ्यात, कर्णा आत दुमडलेला, उघडलेलं झाकण आवाज समोर फेकणारं. आजीच्या वर्णनावरून त्यांच्याकडचा फोनो याच जातीचा असणार.

म्हणजे बघा, १९४० च्या दशकात तुमच्याआमच्या घरात काय चित्र होतं? पेटी बिनकर्ण्याची, पण तीवर फिरणाऱ्या तबकडीच्या लेबलवर कुत्रा आणि कर्णा! यंत्रातला कर्णा आत गेला तरी चिन्हातला तसाच राहिला. आपल्या 'सेव्ह' बटणावर अजून फ्लॉपीचं चित्र असतं ना, अगदी तसं. उद्या २०६० साली कोणी २०१५ च्या हिंजवडीवर सिनेमा काढला आणि प्रत्येक डेस्कवर फ्लॉपी ठेवली तर आपल्याला कसं वाटेल? आजीला तसंच वाटलं असणार.

हे मात्र खरं की वस्तू एका रात्रीत घरातून जात नाहीत. १९०५-१० चं कर्ण्याचं यंत्र १९४५ सालीही एखाद्या वाड्यात, एखाद्या संस्थानिकाच्या बंगल्यात नक्की असेल. त्यामुळे 'एक कर्णा दिसला की चूक' असं मी म्हणत नाही. पण प्रत्येक सिनेमात, प्रत्येक घरात, कुठल्याही दशकात कर्णाच? आणि तोही नेहमी तोच, आठकोनी पेटीवरचा पितळी? खरे जुने कर्णे रंगवलेल्या पत्र्याचे असत, लाकडी असत, काळे असत. सिनेमात ते जवळजवळ दिसतच नाहीत.

आपल्याकडची तबकडी

१९०२ सालची गोष्ट. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गाइसबर्ग एप्रिलमध्ये मिलानला गेला आणि त्याने एन्रिको कारुसो नावाच्या तरुण गायकाचं रेकॉर्डिंग केलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तो कलकत्त्यात होता आणि गौहर जानचं गाणं मेणावर उतरवत होता. ती मेणं जहाजाने जर्मनीत हॅनोव्हरला जायची आणि तिथे तबकड्या छापल्या जायच्या. तिथल्या कारागिरांना गाणारीचं नाव कळावं म्हणून गौहर जान गाण्याच्या शेवटी स्वतःचं नाव इंग्रजीत सांगायची. (कोडमधल्या कॉमेंटचा हा सगळ्यात सुरेल नमुना म्हणायला हरकत नाही.) पुढे १९०८ साली कलकत्त्याच्या सियालदाहला तबकड्यांचा कारखाना निघाला आणि १९२८ साली डमडमला मोठा. तबकडी बनायची ती लाखेपासून, आणि लाख तर आपल्याच झाडांवरची.

आजीच्या मिरजेत तर गाणं हवेतच होतं. अब्दुल करीम खाँसाहेब तिथे स्थायिक झालेले. १९३७ साली ते गेले, पण ओडियन कंपनीच्या त्यांच्या तबकड्या घरोघरी वाजत राहिल्या. त्यांची मुलगी हिराबाई बडोदेकर, मग बालगंधर्वांची नाट्यपदं... आजी सांगते की तिच्या आईने कधीही मैफलीला जाऊन गाणं ऐकलं नाही. बायकांनी जायची रीतच नव्हती त्यांच्याकडे. पण दुपारी पुरुष कामावर गेले की स्वयंपाकघराच्या दारात पेटी यायची आणि आळीतल्या चारजणी हिराबाई ऐकत बसायच्या. (चावी द्यायला दादा शाळेतून आलेला असायचा!)

मला वाटतं पेटी आणि कर्णा यातला खरा फरक इथे आहे. कर्ण्याचं यंत्र म्हणजे दिवाणखान्यात मांडून ठेवायची वस्तू, पाहुण्यांना दाखवायची. पेटी म्हणजे उचलून न्यायची वस्तू: बदलीच्या गावाला, हॉस्टेलवर, सहलीला, स्वयंपाकघराच्या दारात. रेल्वेतल्या कारकुनाच्या घरात सिनेमावाले कर्णा ठेवतात तेव्हा फक्त मॉडेल नंबर चुकत नाही. त्या घराचं गाण्याशी असलेलं नातंच बदलतं.

सिनेमातला ग्रामोफोन

ग्रामोफोन नवा होता तेव्हाही सिनेमात होता. १९३१ साली फ्रान्सच्या रेने क्लेरने 'आ नू ला लिबेर्ते' काढला. त्यात तुरुंगातून पळालेला एक कैदी ग्रामोफोनच्या कारखान्याचा मालक होतो. तिथे ग्रामोफोन जुन्या काळाची खूण अजिबात नाही. तो आहे आधुनिकतेची खूण, असेंब्ली लाइनवर धडाधड बनणारा माल. आज स्टार्टअपवर सिनेमा काढावा तसं.

त्याच्याही आधीचं उदाहरण जास्त बोलकं आहे. १९२२ सालचा रॉबर्ट फ्लॅहर्टीचा 'नॅनूक ऑफ द नॉर्थ'. माहितीपटांचा आद्यपुरुष म्हणून त्याचं नाव घेतात. त्यात गोरा व्यापारी नॅनूकला ग्रामोफोन दाखवतो. नॅनूक चकित होऊन हसतो आणि तबकडी दाताने चावून बघतो. भोळा बिचारा, असं प्रेक्षकांना वाटावं. प्रत्यक्षात हा प्रसंग बेतलेला होता. नॅनूकची भूमिका करणाऱ्या माणसाला ग्रामोफोन चांगला माहीत होता. खुद्द फ्लॅहर्टीनेच आपल्या मुक्कामी ग्रामोफोन नेला होता आणि तिथल्या लोकांना तो तबकड्या वाजवून दाखवायचा. त्याच्याच सांगण्याप्रमाणे कारुसोचं दुःखी गाणं त्यांना सगळ्यात विनोदी वाटायचं! म्हणजे ज्यांची स्वतःची आवड-निवड तयार झाली होती, त्यांच्या हातात तबकडी चावायला दिली गेली. आपल्याला इतरांचा भूतकाळ त्यांच्या खऱ्या आयुष्यापेक्षा जरा जास्तच जुना बघायला आवडतो, त्याचा हा पुरावा.

उलट उदाहरण वेर्नर हर्झोगच्या 'फित्झकराल्डो'चं (१९८२). काळ विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा, जागा पेरूचं जंगल. ऑपेराच्या वेडाने झपाटलेला नायक बोटीच्या टपावर कर्ण्याचा ग्रामोफोन ठेवतो आणि जंगलातून येणाऱ्या ढोलांच्या आवाजाला कारुसोच्या तबकडीने उत्तर देतो. इथे कर्णा अगदी बरोबर आहे. काळ तोच, कारुसोच्या तबकड्या त्याच काळातल्या, आणि मुख्य म्हणजे कर्ण्याला काहीतरी काम आहे. तो शोभेला नाही ठेवलेला, तो जंगलाकडे तोंड करून उभा आहे.

माझा एक मित्र सिनेमाच्या आर्ट डिपार्टमेंटमध्ये काम करतो. रविवारी सकाळी त्याला फोन करून मी हे सगळं ऐकवलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तुला काय वाटतं, आम्हाला माहीत नाही? प्रेक्षकाकडे त्या कोपऱ्यासाठी तीन सेकंद असतात. पेटी ठेवली की ती सूटकेस वाटते. कर्णा ठेवला की एक शब्द न बोलता जुना काळ. एकदा मी पेटी ठेवली होती. डिरेक्टर सेटवर आले आणि म्हणाले, ग्रामोफोन कुठेय?"

त्याचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. युजरला ओळखीचा आयकॉन द्यावा लागतो हे आम्हालाही शिकवतात. पण मला राहवेना. म्हटलं, पेटी दिसून कळत नसेल पण वापरून कळेल ना? झाकण उघडताना दाखवा, चावी देताना दाखवा, डबीतून पिन काढून बदलताना दाखवा. दर बाजूला पिन बदलावी लागायची, नाहीतर तबकडी खराब व्हायची. तीन-साडेतीन मिनिटांत बाजू संपायची, उठून उलटी करावी लागायची. स्प्रिंग उतरली की गाणारा हळूहळू रडायला लागायचा! यात केवढा अभिनय आहे. कर्णा फक्त उभा राहतो.

मित्र म्हणाला, "लिहून दे, पुढच्या वेळी बघू." म्हणून लिहितोय.

त्याने आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला माहीत नव्हती. शूटिंगच्या वेळी ग्रामोफोन मुका असतो. खरंच वाजवला तर संवादांत त्याचा आवाज मिसळेल आणि प्रत्येक टेकला गाणं वेगळ्या जागी असेल, मग एडिटिंग अशक्य. म्हणून तबकडी नुसती फिरते, नट नसलेलं गाणं ऐकल्याचा अभिनय करतात आणि गाणं नंतर चढवलं जातं. ते नंतर चढवलेलं गाणं बहुतेक वेळा नव्या, स्वच्छ रेकॉर्डिंगमधलं असतं. 'आउट ऑफ आफ्रिका' (१९८५) मध्ये मोत्झार्टच्या क्लॅरिनेट कॉन्चेर्टोचा संथ भाग आहे. तो सलग सात मिनिटांच्या आसपास चालतो. बारा इंची तबकडीच्या एका बाजूत मावायची चार-साडेचार मिनिटं. म्हणजे त्या काळात मधेच उठून तबकडी उलटल्याशिवाय तो पुरा ऐकताच आला नसता.

तात्पर्य काय, सिनेमाच्या ग्रामोफोनला आवाज नसला तरी चालतो. फक्त रूप लागतं. आणि हे बाजाराने केव्हाच ओळखलंय.

माझा ग्रामोफोन

आता कबुलीजबाब.

काही वर्षांपूर्वी पहिला घसघशीत बोनस मिळाला तेव्हा मी जुन्या वस्तूंच्या एका दुकानातून तो पितळी कर्ण्याचा ग्रामोफोन घेतला. दुकान कुठलं ते सांगत नाही. दुकानदार म्हणाला, "शंभर वर्षं जुना पीस आहे साहेब, सिनेमात वापरलेला." मला दोन्ही गोष्टी एकदमच खऱ्या वाटल्या. मुंबईच्या चोर बाजारातल्या मटन स्ट्रीटवरून सिनेमावाले प्रॉपर्टी भाड्याने नेतात हे ऐकून होतो, तेव्हा शंका यायचं कारणच नव्हतं. पेटीवर कुत्र्याचं चित्रही होतं. चकचकीत, नवंकोरं. तिथेच मला कळायला हवं होतं.

वर्षभरात स्प्रिंग तुटली. शोधत शोधत एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे पोचलो. त्यांनी कर्णा उचलून बाजूला ठेवला, त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. चार स्क्रू काढले, वरची फळी उचलली आणि मला जवळ बोलावलं.

"हे बघा. लाकूड नवं, कर्णा नवा, चित्र नवं. पण मोटर जुनी, साउंडबॉक्स जुना, थाळी जुनी. हे सगळं एचएमव्हीच्या पेटीतलं आहे. चालू पेटी फोडून काढलेलं."

"म्हणजे?"

"म्हणजे पेटीला गिऱ्हाईक नाही साहेब. कर्ण्याला आहे. एक पेटी मोडायची आणि एक कर्णा उभा करायचा."

परदेशातले संग्राहक असल्या यंत्रांना 'क्रॅपोफोन' म्हणतात, हे मला मागाहून कळलं. ओळखायच्या खुणाही आहेत: आठकोनी किंवा गोल पेटी, पातळ नवं पितळ, अलीकडे चिकटवलेलं कुत्र्याचं चित्र, आणि मागच्या बाजूला कर्ण्याला टोनआर्मशी कसाबसा जोडणारा वाकवलेला पाइप. खऱ्या जुन्या यंत्रात नळी पिनेपासून कर्ण्याच्या तोंडापर्यंत सलग रुंदावत जाते. इथे ती मधेच अडखळते, सांध्यांतून हवा गळते आणि आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा येतो.

फसवलं गेल्याचं मला तेव्हा वाईट वाटलं होतं. गेल्या शनिवारी आजीचं ऐकल्यावर वेगळ्याच गोष्टीचं वाईट वाटलं. सिनेमात कर्णा दिसतो म्हणून आपण कर्णा विकत घेतो. आपण घेतो म्हणून बाजार पेट्या फोडून कर्णे बनवतो. बाजारात कर्णेच मिळतात म्हणून सिनेमावाले कर्णेच भाड्याने आणतात. गोल फिरून परत तिथेच, आम्ही याला इन्फिनिट लूप म्हणतो. आणि या लूपच्या प्रत्येक फेरीत एक खरी, वाजती पेटी कमी होते. मिस्त्री म्हणाले, "पूर्वी पेट्या दुरुस्तीला यायच्या. आता त्यांचे सुटे भागसुद्धा मिळत नाहीत. सगळे कर्ण्यांखाली गेले."

आजीच्या माहेरची पेटी कॅसेट आल्यावर तिच्या दादाने विकून टाकली. कोणाला ते आता कोणालाच आठवत नाही. ती कुठेतरी अजून अख्खी असेल, किंवा एखाद्या हॉटेलच्या लॉबीतल्या पितळी कर्ण्याखाली असेल.

रविवारी दुपारी मी माझा ग्रामोफोन टेबलावरून उतरवून आजीच्या खोलीत नेला. कर्णा काढून ठेवला होता. हिराबाईंची एक तबकडी लावली. कर्ण्याशिवाय आवाज फारच बारीक येतो, पण आजीला कान जवळ आणायला काही अडचण नव्हती. निम्म्यात स्प्रिंग उतरली आणि हिराबाईंचा सूर खाली घसरायला लागला. मी उठणार तेवढ्यात आजीने हात पुढे केला.

"थांब. चावी मी देते. आता कोण अडवणार आहे?"

आणि तिने दिली. दहा-बारा फेरे, एकसारखे, न थांबता. जुनी मोटर, जुनी चावी. सूर परत वर चढला.

मंडळी, एवढंच सांगायचं होतं. तुमच्या गावच्या घरी माळ्यावर अशी काळी पेटी असेल तर 'कर्णा नाही म्हणजे हा ग्रामोफोन नव्हे' असं समजून ती भंगारात देऊ नका. कोणी चांगली किंमत देतो म्हणाला तर त्याला विचारा की तू ही पेटी वाजवणार आहेस की फोडणार आहेस. आणि तुमच्यापैकी कोणी सिनेमा, नाटक, सिरियल यात काम करत असेल तर पुढच्या १९४५ च्या घरात एकदा पेटी ठेवून बघा. प्रेक्षकांना कळणार नाही म्हणता? निदान माझ्या आजीला तरी कळेल.

आता उठतो. उद्या सोमवार, सकाळी साडेनऊला स्टँडअप आहे.